तळाचं बिऱ्हाड

हेडविकाबाई गेल्या तेव्हा त्यांच्या भाच्यानं
चौथ्या मजल्यावरच्या एकेका वस्तूला चिठ्ठी लावली.
शिवणयंत्र: विकायचं. गालिचा: टाकायचा.
काचेच्या टाकीवर लिहिलं: रिकामी.

मी शेजारी. ब्र्नोच्या ट्राम डेपोत
रात्रपाळीला तारा तपासतो. बोलणं माझं बेताचंच.
तरी म्हणालो, रिकामी नाहीये ती.
रादोवाननं काचेवर टिचकी मारली.
हे बघा, पाणी आहे नुसतं, आणि कुजका पाला.

त्या टिचकीनं
जो कोणी अर्धामुर्धा बाहेर होता
तोही वाळूत शिरला असणार.

बाई बहिणीकडे ओस्त्रावाला जायच्या तेव्हा
किल्ली माझ्याकडे असायची, सोबत कागद:
गोठवलेल्या लाल अळ्या मटारच्या पिशवीमागे.
अर्धीच वडी, दिवे मालवल्यावर.
झाकण घट्ट. गरीब दिसतात, पण उड्या मारतात.
औषधाची वेळ आली तर निम्मंच घाला,
खवले असून नसल्यासारखे, सगळं थेट अंगाला लागतं.
आणि खाली दोनदा रेघ ओढून:
नऊ आहेत. दिसले नाहीत तरी नऊ.

मला पाचाच्या वर कधी दिसले नाहीत.
तेही कसे, उरलेल्या लोकरीचे तुकडे
कोणी अंधारात सोडून दिल्यासारखे,
पिवळा पट्टा, काळा पट्टा, आणि तोंडाशी
चाचपणाऱ्या मिशा.

एकदा जिन्यात बाई आपणहून बोलल्या.
सुरुवातीला खडी घातली होती मी.
एकाच्या मिशा झिजल्या. अजून लाज वाटते हो.
मग जुन्या पायमोज्यातून वाळू गाळली, तीन रविवार.
आणि आधी आणला होता एकटाच.
चौदा महिने कुंडीच्या खापरीखालून हलला नाही.
आणखी पाच आणले, आणि तिसऱ्या रात्री
(त्यांनी पिशवी खाली ठेवली, हातानं हवेत एक वळण काढलं)
हा असा!
घोळक्यात त्याची लाजायची सोय झाली.

तर मी रादोवानला म्हणालो, रात्रीपर्यंत थांबा.
माझ्या आयुष्यात कोणाला थांबा म्हणण्याची
ती बहुधा दुसरी वेळ.

डेपोतला लाल कंदील आणला. लाल उजेड त्यांना कळत नाही म्हणतात.
गालिच्यावर बसलो, टाकायच्या.
तो बोलत होता. प्रागचं भाडं, बँक,
लिफ्टमधून कपाट मावत नाही, मावशी तशी विक्षिप्तच.
मग बोलायचं संपलं त्याचं.
पंपाची घरघर तेवढी राहिली.

साडेअकराला नारळाच्या करवंटीखालून
एक मिशी.
तिच्यामागे बेतानं, अंग चोरत, बाकीचा मासा.
मग दुसरा. मग एकदम तिघे,
एकमेकांच्या अंगावरून, जसा काही ठराव झाला होता.
सहा, मी म्हणालो. श्श, तो म्हणाला.
मला! श्श!

पंपाच्या तोंडाचा स्पंज कधीचा निसटलेला.
पेटी उघडली तर आत चौघे,
गाळ खाऊन गब्बर,
आणि त्यांच्या खाली काहीतरी हललं,
शिवणाच्या दोऱ्याएवढं.
त्यालाही पट्टे होते.

मावशीला माहीत होतं हे?
मी खांदे उडवले. कागदावर नऊच होते.

त्यानं चिठ्ठी काढली, उलटी केली,
पेनचं टोपण उघडून बराच वेळ धरून ठेवलं,
मग तशीच खिशात घातली.

पहाटे चार वाजता दोन बादल्या, एक पातेलं,
आणि वाळू,
माझ्या दारापर्यंत अठरा पावलं. पाणी सांडू नये म्हणून
आम्ही म्हाताऱ्यांसारखे चाललो.

आता कोणी आलंच, मीटर वाचणारा वगैरे,
तर विचारतो, मासे मेले का हो?
मी हो म्हणतो.
वाद घालत नाही.
गेल्यावर झाकण घट्ट आहे ना, तेवढं बघतो.